फुटपट्टीचा जुना चष्मा

चष्मेवालीला राग येत नाही, असं तिला ओळखणारे सगळे सांगायचे. साफ चूक. राग तिला भरपूर यायचा, पण तो बाहेर काढायची सवय नव्हती. जास्तीची भांडी माळ्यावर टाकावीत तसा ती तो टाकून द्यायची. बावन्नाव्या वर्षी तिनं तो खाली उतरवला, पुसून लख्ख केला आणि वापरला. कुणावर, तर सत्तरीच्या एका बाईवर. कशावरून, तर गोधडीवरून. हसू नका. आधी ऐका, मग हसायचं का ते ठरवा.

तेहतीस वर्षं ती एकाच दुकानात चष्म्याच्या काचा घासत होती. पुढच्या भागात आरसे, फ्रेमा आणि गोड बोलणारे मालक. मागच्या भागात पडद्याआड घासायचं यंत्र, पाण्याची बारीक धार आणि ही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेला नंबर पडद्याच्या आत जायचा आणि काच होऊन बाहेर यायचा. या कामात 'साधारण' हा शब्द चालत नाही. काही डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर असतो, त्या काचेला एक ठरलेली दिशा असते. ती थोडी जरी फिरली, तरी घालणाऱ्याला सरळ दार कललेलं दिसतं आणि जिना उतरताना पोटात गोळा येतो. तेहतीस वर्षांत हिच्या हातून कुणाचं दार कललं नव्हतं. अशी बाई घरी येते तेव्हा तिला अचूकपणाचा वीट आलेला असतो. म्हणून ती गोधडी शिवायची, आणि मनाला येईल तशी शिवायची.

घरी अण्णा होते, तिचे वडील. बाजाराच्या इमारतीत जिन्याखालच्या तिकोनी जागेत बसून त्यांनी चाळीस वर्षं छत्र्या दुरुस्त केल्या. काड्या, मुठी, कापड, सगळं. पोरीची आई लवकर गेली, तेव्हा शाळा सुटली की पोर जिन्याखाली येऊन बसायची. तिथंच अभ्यास, तिथंच डबा. ती बडबड करायला लागली की अण्णा ओठात सुई धरूनच "हंऽऽ" असा दम द्यायचे. शिवताना त्यांना आवाज खपत नसे. पोरीला वाटायचं, अण्णा म्हणजे मुळातच कडक.

मग एका सकाळी दात घासताना अण्णांचा उजवा हात लुळा पडला आणि पुन्हा उठला नाही. जिन्याखालची पेटी घरी आली. वर्षभर ते खिडकीशी बसून होते. लेक शेजारी बसून गोधडी शिवायची. जुन्या साड्या, परकर, पडदे, आणि अण्णांच्या पेटीतलं छत्रीचं काळं कापड, यांचे चौकोन. एका दुपारी अण्णा म्हणाले, "दे इकडे." त्यांनी पेटीतली आपली जाड सुई काढायला लावली, मेण लावलेला दोरा ओवून घेतला आणि डाव्या हातानं एक टाका घातला. तो इतका वाकडा पडला की दोघं बघतच राहिले.

"उसवू का अण्णा?" तिनं विचारलं.

"कशाला? इथं कुठं पाऊस येतोय!" अण्णा म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "अगं, छत्रीचा टाका चुकला की तिथून पाणी गळतं. उसवून काही होत नाही. त्या कापडाला भोक पडलं की पडलं, मिटत नाही ते. चाळीस वर्षं मी श्वास रोखून शिवलंय. आता शिवू दे की जरा मोकळेपणानं!"

त्यानंतर सात महिने बाप-लेक रोज शिवायला बसले. अण्णांचा टाका कधी अर्ध्या इंचाचा, कधी गव्हाच्या दाण्याएवढा. रेघ निघायची एका कोपऱ्याकडे आणि पोचायची भलतीकडेच. लेकीनं कपाळाला हात लावला की ते म्हणायचे, "कुठं पाऊस येतोय!" हा माणूस इतका मजेदार आहे हे तिला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. अठ्ठेचाळीस चौकोनांतले चौदा अण्णांनी पुरे केले. पंधराव्याला सुई लावून ते दुपारचे झोपले, ते उठलेच नाहीत.

गोधडी घरात डोळ्यांसमोर ठेवणं तिला जमेना. तिनं ती पिशवीत घातली आणि शनिवारच्या मंडळाच्या कपाटात नेऊन ठेवली. पाच आठवडे ती तिकडे फिरकली नाही.

आता या मंडळाबद्दल सांगायला हवं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी तीन ते सहा नऊ बायका गोधड्या शिवायला जमायच्या. किल्ली ग्रंथपालबाईंकडे, चहा बेकरीवालीकडे आणि सत्ता फुटपट्टीकडे. तोंडावर सगळ्या तिला ताई म्हणायच्या. नकाशे काढायच्या कचेरीत तिनं सरळ रेघा मारण्यात नोकरी घालवली होती आणि निवृत्त होताना जी एक गोष्ट सोबत आणली ती म्हणजे सहा इंची स्टीलची पट्टी. ती पट्टी पर्समध्ये असायची, आणि पर्समध्ये फार वेळ नसायची. कुणी शिवायला बसलं की फुटपट्टी मागून यायची, टाक्यांवर पट्टी टेकवायची आणि निकाल द्यायची. "इंचाला सहा. आठ हवेत." "ही रेघ आहे का गांडूळ?" एकदा बेकरीवाली म्हणाली, "ताई, मी आपली मजा म्हणून शिवते हो." त्यावर फुटपट्टी म्हणाली, "मजा करायची असेल तर बागेत जा. इथं गोधडी शिवतात." त्या दिवशी बेकरीवालीचा चहा कुणाला गोड लागला नाही.

स्वतः फुटपट्टी नऊ वर्षं एकच गोधडी शिवत होती. पांढऱ्यावर निळी, मधून बाहेर जाणाऱ्या सरळ रेघा, इंचाला आठ टाके, एकही इकडचा तिकडे नाही. निदान तसं सगळ्या समजून होत्या. येत्या वार्षिक प्रदर्शनात ती मधल्या भिंतीवर लागणार होती.

सहाव्या आठवड्याला चष्मेवाली मंडळात गेली, तर टेबलावर तिची गोधडी पसरलेली. पूर्ण झालेली. धुतलेली, वाफेची इस्त्री मारलेली. भोवती सगळ्या जणी हसत उभ्या.

"बघ, ओळखतेस का तुझीच?" फुटपट्टी म्हणाली.

चष्मेवाली बघत राहिली. अण्णांचे चौदा चौकोन तिला पाठ होते. जिथं त्यांची रेघ घसरत घसरत खाली आली होती तिथं आता बारीक पांढरे टाके होते. दुसऱ्या चौकोनात तसेच. पाचव्यात तसेच. ती एकेक चौकोन बोटानं चाचपत गेली.

"पाच आठवडे खपल्यात हो ताई तुझ्यासाठी," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"आधीचा दोरा कुठंय?" चष्मेवालीनं विचारलं.

"तो? फेकला मी. खराब झाला होता."

"ताई, ते अण्णांचे टाके होते."

"माहितीये गं मला. म्हणून तर." फुटपट्टीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आजारी माणसाच्या हातचं काम ते. चार लोकांत मांडलं असतं तर लोक त्यांनाच हसले असते. त्यांच्या नावाला शोभेल असं नको का काही?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि चष्मेवाली काय म्हणाली? "थँक्यू, ताई" म्हणाली. टाळ्या वाजत असताना माणसाला दुसरं काही सुचत नाही. त्या थँक्यूचा तिला फुटपट्टीपेक्षा जास्त संताप आला. घरी येऊन तिनं गोधडी पलंगाखालच्या ट्रंकेत उलटी कोंबली, झाकण लावलं, झाकणावर बसली आणि मोठ्यांदा म्हणाली, "बघून घेईन."

तिनं डूख धरला. इतकी वर्षं न वापरलेला राग, त्याला धार मस्त होती. काच घासता घासता ती मनातल्या मनात फुटपट्टीच्या निळ्या गोधडीवर शाईची बाटली उपडी करायची. बसची वाट बघताना त्या गोधडीचे चार तुकडे करायची. कधी ती पट्टीच वाकवून ठेवायची, सहा इंचांची कमान. हे सगळं रोज करून झालं की तिला भूक चांगली लागायची. पण खरं काही करायचं म्हटलं तर हात पुढे होत नव्हता, कारण शाई सांडणारी बाई शेवटी शाई सांडणारी बाईच ठरते, आणि फुटपट्टी बिचारी ठरते. फुटपट्टीला बिचारी ठरवायची तिची बिलकूल तयारी नव्हती.

आणि मग फुटपट्टी स्वतःच्या पायांनी दुकानात आली.

"हल्ली सुयांची नेढीच लहान काढायला लागलेत," ती मालकांना सांगत होती. "दोरा जाईना म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी चष्माच लिहून दिला. मला काही गरज वाटत नाही. पण असू दे." तिनं कागद दिला, नवी फ्रेम पसंत केली. मालकांनी रिवाजाप्रमाणे जुना चष्मा पडद्याआड पाठवला. चष्मेवालीनं तो यंत्राखाली धरून त्याचा नंबर मोजला, कार्डावर उतरवला आणि परत दिला. नंबराकडे तिचं लक्षच नव्हतं. बाहेर बोलणाऱ्या आवाजाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी कागद समोर ठेवून ती यंत्राशी बसली. सिलिंड्रिकल नंबर होता. तो वाचताच तिच्या पोटात गुदगुल्या झाल्या. आता मालकांना काय कळणार, डॉक्टरांना काय कळणार? तिनं काचेची दिशा फिरवली. थोडीथोडकी नाही, पंधरा अंश. धार सोडली, काच घासली, पुसली, डोळ्यासमोर धरली. दुकानाचं दार झकास कललं. या काचेतून फुटपट्टी आपल्या सरळ रेघा बघेल, त्या वाकड्या दिसतील, ती उसवेल आणि 'सरळ' करून पार वाकड्या करून ठेवेल. चष्मेवाली पडद्याआड एकटीच हसली.

कार्ड भरायला म्हणून तिनं ते पुढं ओढलं. वरच्या ओळीत जुना नंबर, खालच्या ओळीत नवा. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग हसणं थांबलं, कारण हसण्यापेक्षा मोठं काहीतरी हातात आलं होतं.

दोन नंबरांमध्ये इतकी तफावत होती की जुन्या चष्म्यातून त्या बाईला हातातली सुई नीट दिसत असणंच शक्य नव्हतं. हे काही एका महिन्यात होत नाही. तीन-चार वर्षं तरी फुटपट्टी अंदाजानं शिवत होती. पट्टीवरच्या रेघासुद्धा तिला दिसत नसणार! "इंचाला सहा, आठ हवेत" म्हणून ती बायकांना रडवायची, ते नुसतं ठोकून द्यायची.

त्या संध्याकाळी चष्मेवालीनं ट्रंक उघडली. इतके दिवस तिनं गोधडीत फक्त जे नव्हतं तेच बघितलं होतं. आता जे होतं ते बघितलं. दुकानातलं भिंग आणि एक पट्टी घेऊन बसली. इंचाला पाच. पुढच्या इंचाला नऊ. रेघ मध्येच खाली उतरलेली, पुन्हा वर चढलेली. अण्णांचे वाकडे टाके काढून या बाईनं त्या जागी आपले वाकडे टाके घातले होते. ज्या सरळपणासाठी अण्णांचा दोरा कचऱ्यात गेला, तो सरळपणा तिथं नव्हताच. चष्मेवालीच्या अंगाची लाही लाही झाली. मग ती शांत झाली. ती शांतता आधीच्या रागाहून वाईट होती.

सकाळी तिनं कललेली काच केराच्या डब्यात टाकली आणि नवी घेतली. आता दिशा अर्ध्या अंशानंही चुकवायची नव्हती. तिनं ती काच तीनदा तपासली, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर पुन्हा पुन्हा मोजलं, फ्रेमचे कान गरम करून बसवले. इतका अचूक चष्मा तिनं आयुष्यात कुणासाठी बनवला नव्हता. प्रेमाच्या माणसांसाठीसुद्धा नाही.

"ताईंचा चष्मा मी शनिवारी घेऊन जाते," ती मालकांना म्हणाली. "शिवताना बसतो का, तेही बघता येईल."

"वा! अशी सेवा कोण देतं?" मालक म्हणाले.

शनिवारी साडेतीनला खिडकीतून भरपूर उजेड येत होता. प्रदर्शनाला बारा दिवस होते, म्हणून निळी गोधडी लांबच्या लांब टेबलावर पसरलेली होती. चष्मेवालीनं फुटपट्टीला खिडकीशी बसवलं, तिचा जुना चष्मा उतरवला आणि नवा आपल्या हातांनी घातला.

"हलका आहे," फुटपट्टी म्हणाली. "छान बसलाय. तो जुना टाकून दे, माझ्या काय कामाचा आता?"

"बरं," म्हणत चष्मेवालीनं तो पिशवीत ठेवला. "ताई, जवळचं नीट दिसतंय ना ते बघा. असं करा, तुमची गोधडीच बघा."

फुटपट्टीनं खाली बघितलं.

आधी तिनं टाक्यावर अडकलेला दोऱ्याचा तुकडा काढायला नख लावलं. तो तुकडा नव्हता, टाकाच होता. मग ती वाकली. मग तिनं पर्समधून पट्टी काढली, टेकवली, उचलली, दुसरीकडे टेकवली. खोलीतलं बोलणं एकेक करून थांबलं. गोधडीचा मधला भाग, पहिल्या पाच-सहा वर्षांचा, देखणा होता. इंचाला आठ म्हणजे आठ. तिथून बाहेर येणारी प्रत्येक रेघ अध्येमध्ये झोकांड्या खात होती.

"दिसतंय का ताई नीट?" चष्मेवालीनं विचारलं. आवाजात साय होती.

"हे... हे कुणी घातलेत?" फुटपट्टी म्हणाली.

"तुम्हीच."

"ताई, किती सुंदर आहे हो," बेकरीवाली घाईघाईनं म्हणाली. "आम्हाला तर काही दिसत नाही." हे ती खरं बोलत होती. फुटपट्टीच्या गोधडीवर पट्टी ठेवायची कुणाची टाप होती?

चष्मेवालीनं पिशवीतून आपली गोधडी काढली आणि निळ्या गोधडीवरच पसरली. "हीही बघा."

फुटपट्टीनं बघितली. चौदाही चौकोन बघितले. शेवटी मान वर न करता म्हणाली, "वाकडे आहेत."

"हो. पण आधीचे वाकडे होते ना, ते अण्णांचे होते."

फुटपट्टीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग तिनं हलक्या हातानं चष्मेवालीची गोधडी बाजूला केली, आपली निळी जवळ ओढली आणि नखानं एक टाका उचकटायला लागली. निघेना.

"ताई, नका हो! बारा दिवसांवर आलंय," ग्रंथपालबाई म्हणाल्या. बेकरीवालीनं तिचा हात धरला. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. चष्मेवालीनं आपल्या डब्यातली बारीक टोकाची कात्री काढली, मुठीकडची बाजू पुढे करून फुटपट्टीच्या हातात दिली आणि म्हणाली, "यानं लवकर होईल."

त्या रात्री तिला इतकी गाढ झोप लागली की सकाळी दूधवाला दोनदा बेल वाजवून गेला. तिला वाईट वाटलं का? नाही वाटलं. वाटायला हवं होतं, असं दोनेक वेळा वाटून गेलं, तेवढंच. प्रदर्शनात मधली भिंत रिकामी राहिली. ती बघायला चष्मेवाली दोनदा गेली.

आता तिचं स्वतःचं काम उरलं होतं. फुटपट्टीचा टाका न् टाका तिनं उसवला. वरचा थर सुटा झाला तेव्हा झटकायला म्हणून तिनं तो खिडकीशी धरला, आणि छत्रीच्या काळ्या चौकोनात उजेडाचे ठिपके दिसले. बारीक ठिपके फुटपट्टीच्या सुईचे. त्यांच्यामधून आडवेतिडवे, मनमानी करत जाणारे मोठे ठिपके, जाड सुईचे. त्या कापडाला भोक पडलं की मिटत नाही. चष्मेवाली तो थर तसाच उजेडात धरून उभी राहिली. हात भरून आले तरी खाली घेतला नाही.

अण्णांच्या चौदा चौकोनांतले नऊ छत्रीचे होते. तिनं मोठ्या भोकांवर खडूनं टिंबं केली, पेटीतली जाड सुई घेतली, दोऱ्याला मेण लावलं आणि अण्णा गेले त्या वाटेनं शिवायला लागली. एकही भोक सोडून चालणार नव्हतं. टाका भोकाच्या शेजारी पडला तर ती उसवायची. भिंग लावून बघायची, पुन्हा घालायची. शेजारीण रेडिओ मोठ्यानं लावायची तेव्हा ती ओठात सुई धरून "हंऽऽ" करायची. फुटपट्टी इंचाला आठ मागायची. ही अण्णांचे तीन मागत होती, आणि आठापेक्षा ते तीन अवघड होते. वाकडं हवं होतं, पण तंतोतंत वाकडं. एकदा एकच टाका सहाव्यांदा उसवताना तिच्या लक्षात आलं की सूड घेऊन झाला तरी त्या दिवसापासून ती एकदाही शिवताना हसलेली नाही. तिला फुटपट्टीचा नव्यानं राग आला.

नऊ चौकोन झाले. दहावा सुती होता, आईच्या परकराचा. धुऊन आणि वाफेची इस्त्री फिरून त्याची सगळी भोकं मिटली होती. खिडकीशी धरला तर नुसतं कापड. इथं अण्णांची वाट नव्हती. तिनं अण्णांचे टाके आठवून घालून बघितले, तर ते नाटकी दिसले. मुद्दाम वाकडं शिवायला जावं तर हात मापात वाकडा जायचा. तेहतीस वर्षांचा हात, तो चुकणार कसा? पंधरा दिवस सुई त्या चौकोनाच्या कडेला टोचलेली राहिली.

अशात एका दुपारी दुकानाचा पडदा सरला आणि फुटपट्टी थेट आत आली. मालक जेवायला गेले होते. ती वाळली होती. नवा चष्मा तिच्या हातात होता, डोळ्यांवर नव्हता.

"हा परत घे," ती म्हणाली. "माझा जुना दे."

"यात काही खोट आहे का?"

"नाही गं. खोट नाही, म्हणून तर." ती स्टुलाच्या कडेवर टेकली. "निम्मी गोधडी उसवून झाली. पुन्हा घालते, तर हात साथ देत नाही. डोळ्यांना दिसतं आणि हाताला जमत नाही. जुन्या चष्म्यात मला... मला बरं वाटायचं शिवताना. शनिवारची वाट बघायचे मी." मग हळूच म्हणाली, "तुझ्या वडिलांचं माझ्याकडून चुकलं. मला तेव्हा दिसलं नाही."

जुना चष्मा चष्मेवालीच्या कोपराजवळच्या खणात होता, रुमालात गुंडाळलेला. तो अजून का टाकला नाही, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. खणाची कडी तिच्या हाताला लागत होती. समोर सत्तर वर्षांची बाई हात पुढे करून बसली होती. तिच्या बोटांना सुया टोचून टोचून बारीक टिंबं पडली होती.

"तो?" चष्मेवाली म्हणाली. "फेकला मी. खराब झाला होता."

फुटपट्टीनं तिच्याकडे बघितलं. शब्द ओळखीचे होते, ते तिला पोचले. ती उठली, नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडदा बाजूला करून गेली. दुकानाच्या पायऱ्या तिनं नीट, न चुकता उतरल्या. चष्मा खरोखरच चांगला झाला होता.

रविवारी सकाळी चष्मेवाली गोधडी घेऊन अण्णांच्या जागी बसली. रुमाल सोडला आणि फुटपट्टीचा जुना चष्मा आपल्या नाकावर ठेवला. परकराचा चौकोन धुरकट झाला, कडा विरघळल्या, सुई कुठं संपते आणि बोट कुठं सुरू होतं ते कळेना. पहिलाच टाका अंगठ्यात गेला. तिनं एक सणसणीत शिवी हासडली आणि दुसरा घातला. तो कुठं पडला, देव जाणे. तिसरा, चौथा. इंचाला किती, ते दिसतच नव्हतं. रेघ कुठल्या कोपऱ्याकडे निघाली होती हेही तिला माहीत नव्हतं, आणि अर्ध्या चौकोनानंतर तिला हसू फुटलं. जिन्याखाली कधी न हसलेल्या आणि मग सात महिने हसत सुटलेल्या त्या माणसासारखी ती एकटीच खिडकीशी बसून खो खो हसत राहिली.

"कुठं पाऊस येतोय!" ती म्हणाली.

दुपारी गोधडीची घडी घालताना तिनं चष्मा काढला नाही. टाके कसे पडलेत ते बघितलंही नाही. घडी झाल्यावर तो पुन्हा रुमालात गुंडाळला आणि अण्णांच्या पेटीत, जाड सुईशेजारी ठेवला. पुढच्या चौकोनाला लागणार होता. फुटपट्टी पुन्हा मागायला आली, तरी उत्तर तेच मिळणार होतं.